वाजवी टोचणावळ

लस फुकट असते, हे वाक्य कृपा करून माझ्यासमोर कुणी उच्चारू नये. गेल्या दीड-दोन वर्षांत ते मला न्हाव्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं आहे. "मास्तर, लस तर सरकार फुकट पाठवतं. मग तुम्ही पैसे मागता कशाचे?" असं म्हणून माणूस माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की जणू मी चर्चच्या दानपेटीत हात घालताना सापडलोय.

फुकट येते ती बाटली. ती बाटली आपल्या पायांनी चालत जाऊन पोराच्या मांडीत शिरत नाही. तिला फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, आणि तो फ्रीज घरातल्यासारखा लोणच्यांचा आणि उरलेल्या सुपाचा नव्हे. त्याच्या पोटात तापमापक, तापमापकाला भोंगा आणि भोंग्याला वीज. मग सुई लागते, नर्स लागते, पोराला धरायला माणूस लागतो, आईला समजवायला डॉक्टर लागतो आणि शेवटी पोराची समजूत काढायला डायनोसॉरची चिकटपट्टी लागते. गरिबांच्या पोरांना लस टोचली की या सगळ्याबद्दल सरकारी विमा दवाखान्याला दर सुईमागे काहीतरी देतो. त्या काहीतरीला कागदोपत्री लांबलचक नाव आहे. मी त्याला टोचणावळ म्हणतो. सोनाराची घडणावळ, तशी डॉक्टरची टोचणावळ. फरक इतकाच, की सोनाराला ती परवडते.

माझी बायको लॉर्ना ही आमच्या एल्डन फोर्क गावातली एकमेव बालडॉक्टर. मी शाळेत बॅंड शिकवायचो. ज्या पोरांना लॉर्ना आधी 'आ कर' म्हणायची, त्यांच्या तोंडात पुढे मी तुतारी द्यायचो, अशी आमची विभागणी होती. निवृत्त झाल्यावर मी दवाखान्याचा गल्ला, फोन आणि फर्निचर सांभाळू लागलो. गावाच्या लेखी मी अजूनही मास्तरच. डॉक्टरीणबाईंचे मास्तर.

एका संध्याकाळी सूप पिता पिता लॉर्ना म्हणाली, "मायलो, सरकारी विम्याच्या पोरांना लस देणं आपल्याला परवडत नाहीये."

आज गार आहे, अशा सुरात म्हणाली. लॉर्ना कुठलीही वाईट बातमी याच सुरात देते. माझ्या हर्नियाचीही अशीच दिली होती.

"म्हणजे?"

"म्हणजे दर सुईमागे आपण पदरचे घालतो. आसपासच्या दोन दवाखान्यांनी ती पोरं घेणं बंद केलंय. ती सगळी आता आपल्याकडे येतात. आणि हार्लोच्या बाजूला डांग्या खोकला सुरू झालाय."

हार्लोला मांस-कारखाना आहे. तिथल्या कामगारांची पोरं म्हणजे आमच्या दवाखान्यातली निम्मी गर्दी.

"किती देतात आपल्याला?" मी विचारलं. तिनं आकडा सांगितला. तेरा डॉलरच्याही आत. "हा दर कुणी ठरवला?"

"कुणास ठाऊक. मी आले तेव्हापासून जवळजवळ हाच आहे."

इथे शहाण्या माणसानं सूप संपवून बशी धुवायला घेतली असती. मी म्हणालो, "मी उद्या एक फोन करतो."

फोन केला. राजधानीतल्या कचेरीनं मला वाट बघायला लावून संगीत ऐकवलं. त्यात एक क्लॅरिनेट होतं, आणि ते पाव सूर खाली होतं. पाव सूर म्हणजे लोकांना काहीच वाटत नाही. पण ज्या माणसानं आयुष्यभर सातवीच्या क्लॅरिनेटवाल्यांचे कान पिळले त्याला ते दाढेखाली खडा आल्यासारखं लागतं. मी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलो, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी तेच क्लॅरिनेट. शेवटी रोझालिंड टीग नावाच्या बाई फोनवर आल्या. अतिशय सभ्य. इतक्या सभ्य, की त्यांच्यावर चिडलो तर आपणच असंस्कृत ठरू.

"दर वाजवी नाही असं आपलं म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

"बाई, आमच्या गावचा न्हावी केस कापायचे वीस डॉलर घेतो. आणि केस रडत नाहीत."

"मी हे टिपून घेते," टीगबाई म्हणाल्या. "योगायोगानं याच विषयावर जनतेची मतं ऐकायला आम्ही एक बैठक बोलावलीय. आपण याल?"

मला वाटलं, सभागृह भरलेलं असेल. डॉक्टर, नर्सा, आया, वर्तमानपत्रवाले. मी लग्नातला सूट काढला. त्या दिवशी राजधानीतल्या त्या खोलीत टीगबाई, त्यांचा एक सहकारी, पाण्याचा तांब्या आणि मी एवढेच होतो. जनता म्हणजे मी. माझं मत ऐकून झाल्यावर टीगबाई म्हणाल्या, "वाजवी दर ठरवायला आम्हाला एक समिती नेमायची आहे. तीत जनतेचा एक प्रतिनिधी हवा." आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली, जणू निवड करायची आहे.

अशा रीतीनं मी समितीवर गेलो.

गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. क्लीट डनिंग हा आमचा न्हावी. त्यानं मला खुर्चीत बसवलं, गळ्याला फडकं आवळलं आणि म्हणाला, "मास्तर, माझं उदाहरण राजधानीत दिलंत म्हणे!"

"कौतुकानं दिलं, क्लीट."

"ते कळलं हो. पण मी दर वाढवतोय. बावीस करतोय. समितीला तसं कळवा, नाहीतर उद्या म्हणतील क्लीट डनिंग खोटं बोलला."

शेजारच्या आर्लिस पोलमनबाईंचा सल्ला वेगळा होता. आर्लिसबाईंनी पोस्टात नोकरी केली असल्यामुळे सरकारचं अंतरंग आपल्याला ठाऊक आहे अशी त्यांची ठाम समजूत आहे. "तू एक लक्षात ठेव, मायलो," कुंपणावरून त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं सरकारदरबारी जाऊ नये. भुकेला माणूस 'नाही' म्हणतो. जेवलेला 'बघू' म्हणतो." आणि पहिल्या बैठकीच्या दिवशी त्यांनी डबाभर कोलाचे माझ्या गाडीत ठेवले. आम्ही झेक लोक हे गोल पाव करतो, मध्ये जर्दाळूचा मुरंबा. आर्लिसबाई जर्मन, पण कोलाचे त्यांचेच चांगले होतात, आणि याबद्दल माझ्या बहिणी त्यांच्याशी बोलत नाहीत.

विधानभवनाच्या दारावर पहारेकऱ्यानं डबा उघडला. "हे काय?"

"कोलाचे. समितीसाठी."

"किंमत?"

"शेजारणीनं केलेत हो. किंमत कसली?"

"सरकारी कामावरच्या माणसाला भेट द्यायची तर किंमत लिहावी लागते. ठरावीक रकमेच्या वर असेल तर ती लाच होते." त्यानं वाकून वास घेतला. "हे त्या रकमेच्या वर जाणार, साहेब. जर्दाळू आहे ना?"

मग मी त्याला एक देऊ केला. तो एक पाऊल मागे सरला. त्यालाही ते लागू होतं. शेवटी थंडीनं कुडकुडत गाडीपाशी उभं राहून जनतेच्या प्रतिनिधीनं एकट्यानं डबाभर कोलाचे खाल्ले. रिकामा डबा परत नेऊन आर्लिसबाईंना सांगितलं, "सगळ्यांना फार आवडले." त्यावर त्यांनी पुढल्या वेळी दोन डबे दिले.

समितीत टीगबाई होत्या, दोन विमातज्ज्ञ होते, एक अर्थशास्त्री होता आणि जनता होती. पहिला प्रश्न होता, लस देणं म्हणजे नेमकं काय?

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

अर्थशास्त्री म्हणाला, "सेवा सुरू कधी होते आणि संपते कधी, हे ठरल्याशिवाय किंमत ठरत नाही. माझ्या मते ती सुई त्वचेला टेकली की सुरू होते आणि सुई बाहेर आली की संपते."

"आणि रडणं?" मी विचारलं.

"रडणं हे सेवेनंतरचं आहे."

"आमच्याकडे ते आधीच सुरू होतं. गाडी दवाखान्याच्या फाटकाशी वळली की."

"मग ते सेवेच्या आधीचं आहे," तो समाधानानं म्हणाला.

मी आईला समजावण्याचा मुद्दा काढला. कुणीतरी शेजारणीनं आईला काहीबाही सांगितलेलं असतं. लॉर्ना तिच्याशी बसून बोलते, तिची भीती ऐकून घेते, कधीकधी अर्धा तास. आणि इतकं करून आई 'नको' म्हणाली तर टोचणावळ शून्य. एक विमातज्ज्ञ म्हणाला, "संभाषणाला आमच्याकडे रकाना नाही." हे त्यानं दुःखानं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. रकाना नव्हता.

बैठकांमागून बैठका गेल्या. सुई 'टेकणे' आणि 'शिरणे' यांतला फरक या विषयावर मी आता शाळेत तास घेऊ शकेन. दरम्यान हार्लोहून येणाऱ्या गाड्या वाढत होत्या आणि आमची नर्स बर्नाडेट शाफ दुपारचा डबा उभ्यानं खाऊ लागली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठं इस्पितळ आहे. तिथून तिला दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं. "दर वाढला की तुझा पगार वाढवू," असं लॉर्नानं तिला सांगितलं होतं. "समितीवर आमचे मास्तर आहेत." बर्नाडेटनं माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. ती शाळेत माझ्याकडे ढोल वाजवायची. तिला माझी कुवत माहीत आहे.

शेवटी समितीनं ठरवलं, की चर्चेपेक्षा प्रत्यक्ष पाहणी करावी. एक माणूस घड्याळ घेऊन दवाखान्यात बसेल, एका लसीला किती वेळ नि किती माणसं लागतात ते मोजेल, आणि त्यावरून दर. पाहणीला पैसे एकाच दवाखान्यापुरते होते. टीगबाईंनी पुन्हा खोलीभर नजर फिरवली.

"हे चांगलंच झालं," मी घरी येऊन म्हणालो. "आपल्याकडचा गोंधळ नुसता बघितला तरी त्याचे डोळे पांढरे होतील."

लॉर्ना म्हणाली, "मायलो, बर्नाडेटला नीट समजावून सांग."

मी समजावायला गेलो. म्हटलं, "बर्नाडेट, तो माणूस वेळ मोजणार आहे. तेव्हा जरा... नेहमीपेक्षा... घाई नको."

तिनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे मी मुद्दाम हळू सुई मारू? मूल आहे ते, मास्तर, ढोल नव्हे!"

"तसं नाही गं..."

"परका माणूस माझं काम बघायला येणार, आणि मी त्याच्यासमोर चाचपडत बसू? माझ्या आईनं या दवाखान्यात नोकरी केली. मी दाखवते त्याला काम कसं करतात ते!"

प्रेस्कॉट नावाचा तो तरुण आला. गळ्यात घड्याळ, मांडीवर फळी, चेहरा दूध प्यायल्यासारखा. आणि त्या दिवशी बर्नाडेट शाफनं जे काम केलं, ते मी जन्मात पाहिलं नाही. सगळं आधी मांडून ठेवलेलं. पोर आत आलं, "अय्या, ते बघ छतावर काय आहे!" पोरानं वर बघितलं, संपलं. पुढचं. अर्धा डझन पोरं बॅंडच्या संचलनासारखी आत आली आणि बाहेर गेली.

पण बर्नाडेटचं एक सोडा. पोरं रडली नाहीत! आमची पोरं! ज्यांच्या आरडाओरड्यानं समोरच्या बॅंकेतली माणसं नोटा पुन्हा मोजतात, ती पोरं संतांच्या पुतळ्यांसारखी मांडी पुढे करून बसली. एक मुलगी तर 'थॅंक्यू' म्हणाली. मी दारामागून तिच्याकडे बघत होतो. मी मनात म्हणत होतो, बाळे, एकदा तरी भोकाड पसर. फार नाही. राज्याच्या भल्यासाठी.

प्रेस्कॉट जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, इतका कार्यक्षम दवाखाना मी पाहिला नाही."

पाहणीचा निष्कर्ष असा आला, की सध्याचा दर वाजवीपेक्षा किंचित जास्त आहे. तो कमी करावा.

मी टीगबाईंना फोन केला. क्लॅरिनेट अजून पाव सूर खालीच होतं. म्हटलं, "बाई, तो दिवस खरा नव्हता. आणखी एक दिवस द्या. मी हात जोडतो." टीगबाई सभ्य होत्या; त्यांनी दिला.

तो दिवस मात्र खरा होता. रात्रभर बर्फाचा पाऊस झाला होता, सकाळी वीज गेली, फ्रीजचा भोंगा वाजू लागला. लसी वाचवायच्या म्हणून मी त्या पेटीत घालून अग्निशमन दलाच्या ठाण्यावर पळवल्या, कारण गावात जनित्र तेवढंच. दारात घसरून पडलो. पेटी छातीशी धरली म्हणून ती वाचली, कंबर वाचली नाही. परत आलो तर एक बाप, मांस-कारखान्यातला, खांबासारखा गडी, पोराच्या मांडीतली सुई बघून आडवा झाला होता आणि बर्नाडेट पोराला सोडून बापाला वारा घालत होती. एका पोरानं कपाटाखाली आसरा घेतला होता. त्याला काढायला प्रेस्कॉट स्वतः वाकला, तेव्हा त्या पोरानं त्याच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं. लॉर्नानं पट्टी बांधली. डायनोसॉरची. दुसरी नव्हती.

मी कंबर धरून भिंतीशी उभा होतो, आणि इतका आनंद मला राज्यस्तरीय बॅंड-स्पर्धेतही झाला नव्हता. "लिही," मी म्हणालो. "सगळं लिही, बेटा!"

त्यानं लिहिलं. अहवालात एक ओळ आली. 'दुसऱ्या दिवशीच्या घटना अपवादात्मक असल्यानं हिशोबातून वगळल्या आहेत.'

मी अंथरुणावर पडून ती ओळ लॉर्नाला वाचून दाखवली. लॉर्ना हसली. खूप वेळ हसली, आणि मग हसणं थांबवून तिनं चष्मा पुसला. "त्यांचं चुकत नाही रे," ती म्हणाली. "आपलं सगळं आयुष्यच अपवादात्मक आहे, त्याला ते काय करतील?" मग उठून ती हार्लोच्या एका बाळाची चौकशी करायला फोनपाशी गेली. त्या बाळाला खोकला लागला होता. ते पहिल्या लसीच्या वयाचंही नव्हतं. थोरल्या भावाकडून लागण झाली होती, आणि त्या भावाची लस राहिली होती, कारण त्यांच्या जवळच्या दवाखान्यानं ती देणं बंद केलं होतं. बाळ जिल्ह्याच्या इस्पितळात होतं. लॉर्नानं फोन ठेवला तेव्हा तिचा सूर आज गार आहे असा नव्हता.

दर कमी करण्याचा प्रस्ताव विधानभवनातल्या खर्च समितीपुढे गेला. तिथे जनतेला दोन मिनिटं बोलता येतं. मी भाषण लिहिलं. क्लीटनं त्यात केशकर्तनाचा परिच्छेद घातला, आर्लिसबाईंनी देवाचा. कमरेला पट्टा बांधून मी राजधानीला गेलो.

माझ्या आधीचा विषय होता वासरांचा. गुरांच्या एका रोगाची लस वासरांना टोचायला राज्य पशुवैद्यांना पैसे देतं, ते वाढवायचे होते. समितीचे प्रमुख आमदार हार्लन ब्यूज. स्वतः गुरांचे मालक, मनगटं खांबाएवढी. त्यांनी पशुवैद्याला विचारलं, "वासरू धरायला माणूस लागतो?"

"दोन लागतात, साहेब."

"खरंय. लाथा मारतात. परवा माझ्या माणसाची बरगडी गेली." सगळे आमदार हळहळले. "शिवाय लस थंड ठेवायची, गाडी न्यायची, वेळ जातो." त्यांनी डावी-उजवीकडे पाहिलं. "कुणाची हरकत?" कुणाची नव्हती. दर वासरामागे आमच्या दुप्पट मंजूर. सगळं मिळून तुम्ही नाक शिंकराल एवढ्या वेळात.

"पुढचा विषय. लहान मुलांच्या लसीचा दर कमी करणे. बोला, मायलो व्होंड्रा."

मी उभा राहिलो. हातातलं भाषण बघितलं. क्लीटचे केस, आर्लिसबाईंचा देव. ध्वनिक्षेपक बंद होता. पण माझा आवाज फुटबॉलच्या मैदानावर ढोलांच्या वर ऐकू जायचा.

"साहेब," मी म्हणालो, "आमच्या पोरांना वासरं समजा."

आमदारांनी कागदांवरून माना वर केल्या.

"मी थट्टा करत नाही. दोन माणसं आम्हालाही लागतात. थंड आम्हीही ठेवतो. तुमच्या वासराच्या आईची समजूत काढावी लागत नाही, आमच्याकडे ती काढावी लागते. आम्हाला जास्त नको. वासराएवढंच द्या."

ब्यूज पुढे झुकले. "वासरू लाथ मारतं, व्होंड्रा."

"आमचीही मारतात. आणि चावतात. तुमच्या खात्याच्या माणसाचा अंगठा बघा."

मागच्या बाकावर प्रेस्कॉट बसला होता. त्यानं, देव त्याचं भलं करो, अंगठा वर केला.

हशा पिकला. ब्यूजसाहेब हसले नाहीत. ते लाल झाले. टेबलाकडे बघतच ते हळू आवाजात म्हणाले, "माझी नात आहे तीन वर्षांची." आणि मग, "वासराएवढा दर. कुणाची हरकत?"

एल्डन फोर्कमध्ये माझी मिरवणूक निघाली. अतिशयोक्ती नाही, शाळेचा बॅंड दवाखान्यासमोर उभा राहून वाजवत होता, बराचसा सुरात. चर्चच्या तळघरात ॲपल-पाय आणि कॉफी झाली. क्लीटनं जाहीर केलं की मास्तरांची हजामत वर्षभर फुकट. आर्लिसबाईंनी सगळ्यांना सांगितलं, की सगळी किमया कोलाच्यांची. मी उभा राहून चार शब्द बोललो, आणि कबूल करतो, ते चार नव्हते. बर्नाडेटनं मला मिठी मारली. "मास्तर," ती म्हणाली, "मला वाटलं नव्हतं हो."

पुढच्या आठवड्यात टीगबाईंचा फोन आला. त्यांनी स्वतः केला, म्हणून क्लॅरिनेट नव्हतं. त्या नसण्यानंच मला धडकी भरली.

"दर वाढला, त्याबद्दल अभिनंदन," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगायचं होतं. खर्च समितीनं दर वाढवला, पण एकूण रक्कम वाढवलेली नाही. तेव्हा तेवढे पैसे आम्हाला दुसरीकडून काढावे लागले."

"कुठून?"

"बाळांच्या नेहमीच्या तपासणीतून. तपासणीचा दर कमी झालाय."

"म्हणजे लस टोचायचे जास्त मिळणार, आणि टोचण्याआधी बाळ तपासायचे कमी?"

"हो."

"आणि दोन्ही एकाच वेळी होतं."

"हो, मास्तर," टीगबाई म्हणाल्या. त्यांनी मला पहिल्यांदाच मास्तर म्हटलं. "मी विरोध लिहून दिला होता. मला... मला वाईट वाटतं." आणि मला जाणवलं, की त्या खरंच रडवेल्या झाल्या होत्या. मीच त्यांची समजूत काढली. त्याला रकाना नव्हता.

लॉर्नानं गणित मांडलं. आधी जेवढे पदरचे जात होते, त्याहून जरा जास्त जाणार होते. ती वही मिटून म्हणाली, "बर्नाडेटला मी सांगते."

"मी सांगतो," मी म्हणालो. पण बर्नाडेटनं मला बोलूच दिलं नाही. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. तिनं जिल्ह्याच्या इस्पितळाला होकार कळवला. तिच्या दोन मुली आहेत. घराचा हप्ता आहे. तिचं काही चुकलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं फ्रीजमधल्या बाटल्या पुन्हा लावल्या, सुया पुन्हा लावल्या, कपाट पुसलं. "मास्तर, डायनोसॉरच्या पट्ट्या संपत आल्यात," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

गावात मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगू कसं? क्लीट फुकट हजामत करत होता. रस्त्यात लोक टोपी काढत होते. विजयी माणूस म्हणून वावरणं किती कठीण असतं, हे हरलेल्याला कळायचं नाही. लॉर्नानं मात्र ठरवलं होतं, की उन्हाळ्यापर्यंत बघायचं, आणि मग सरकारी विम्याची पोरं आपणही बंद करायची. हे तिनं सूप पिताना सांगितलं नाही. गाडीत, पुढे बघत सांगितलं.

त्यानंतर एका दुपारी, दवाखाना बंद करायच्या वेळेला, एक बाई दारात उभी राहिली. काखेत बाळ, अंगात मांस-कारखान्याचा जाड कोट. मारिबेल किरोझ तिचं नाव. हार्लोहून आली होती. ज्या बाळाला इस्पितळात न्यावं लागलं होतं, ते तिच्या शेजारच्या घरातलं. ते बाळ घरी परत आलं नव्हतं. हे तिनं सांगितलं नाही. लॉर्नानं त्या घराची चौकशी केली, तेव्हा तिनं नुसती मान हलवली.

"तीन ठिकाणी फोन केला," ती म्हणाली. "कुणी घेत नाही म्हणाले. तुमच्याकडे घेतात ना?"

लॉर्ना म्हणाली, "मायलो, हात धू."

"मी?"

"मग कोण? बर्नाडेट आहे का?"

मी हात धुतले. बाळाला टेबलावर ठेवलं, दोन्ही मांड्या धरल्या. त्या वयाच्या बाळाची मांडी किती मऊ असते हे मी विसरलो होतो. किती घट्ट धरायचं, मला कळेना. "घट्ट," लॉर्ना म्हणाली. "अजून." मारिबेलनं तोंड फिरवलं. बाळ मात्र माझ्याकडे बघत होतं. डोळे काळेभोर. मी हसलो. तेही हसलं; तोंडात दात नाही, नुसत्या हिरड्या.

आणि लॉर्नानं टोचलं.

ते लगेच रडलं नाही. आधी त्याचं हसू थांबलं. माझ्याकडे बघतच राहिलं, की तू? तूच का? मग भोकाड पसरलं. मी त्याला उचलून आईकडे दिलं. चिकटपट्टी लावताना ती दोनदा माझ्याच बोटाला चिकटली.

मारिबेलनं त्याला छातीशी धरलं, पाठ थोपटली, कोटाची बटणं लावली. ती घाईत होती, कारखान्यातली रात्रपाळी सुरू होणार होती. दारापर्यंत गेली आणि वळली.

"पुढची कधी?"

पुढची दोन महिन्यांनी. म्हणजे उन्हाळ्यात. मी लॉर्नाकडे पाहिलं. ती हात धूत होती, पाठमोरी. नळ चालू होता. पाणी किती वेळ वाहत होतं, कुणास ठाऊक.

"दोन महिन्यांनी," नळ बंद करून लॉर्ना म्हणाली. "याच वेळेला या. मास्तर धरतील."